मागच्या खोलीतला कोबा

डबा भिंतीला लावून ठेव आणि बस ह्या पोत्यावर. लाइट आत्ताच गेलीय, म्हणजे तासभर तरी निवांत. कुणाची तरी ज्वारी जात्यात अर्धी अडकून पडलीय, ती निघाल्याशिवाय तुझी लागत नाही. चपला राहू देत रे वीरधवल, पायातच असू देत. खाली सगळं पीठ आहे, पाय भरतील उगाच. हा चार्जिंगचा दिवा तेवढा आपल्या दोघांत ठेवू. उजेड कमी आहे त्याचा, पण तोंडं दिसतात.

तर, तुझ्या बाथरूमचा कोबा. तू पुण्याहून आलास, घर दुरुस्तीला काढलंस, आणि सगळ्या गावानं तुला एकच नाव सांगितलं. गिरणीवाल्या जयराजकडं जा, कॉलेज सोडलेला तो, त्याच्या हातासारखा कोबा तासगाव तालुक्यात नाही. दळणाचं निमित्त करून आलायस, कळतंय मला.

मी करणार नाही. राग मानू नको. का, ते सांगतो. लाइट येईपर्यंत दुसरं करण्यासारखं आहे तरी काय?

मी सांगलीला सिव्हिल इंजिनिअरिंगला होतो. सोडलं. का सोडलं ते गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कुणी म्हणतं पोरीपायी, कुणी म्हणतं मोबाइलपायी. शिकवणाऱ्यानं जन्मात खोरं धरलं नव्हतं, हे खरं कारण सांगितलं की म्हणतात, गुरूला नावं ठेवतोय. आपल्याकडं केस पिकले की माणूस आपोआप बरोबर ठरतो. बैल म्हातारा झाला तर निदान गप तरी बसतो.

घरी आलो तर अण्णा मला इंजिनिअर म्हणायला लागले. बाप आहे माझा, पण चार माणसांत मला खाली बघायला लावण्यासारखं सुख त्याला दुसरं नाही. "इंजिनिअर, म्हसरांना पाणी दावा. इंजिनिअर, शेण काढा."

मला गिरण टाकायची होती. गावातली जुनी बंद पडलेली, बाया डोक्यावर डबे घेऊन पार पलीकडच्या गावाला जायच्या. एक दिवस अण्णा जेवता जेवता म्हणाले, "टाक की गिरण. मागच्या खोलीत टाक. पर आदी तितं कोबा कर. सोताच्या हातानं. गवंडी लावायचा न्हाई. जमला तर गिरण तुजी. न्हाई जमला तर जूनमदी परत सांगली, आन् डिग्री घेतल्याबिगर तोंड दावायचं न्हाई."

आणि हसले. भाकरीचा तुकडा तोंडात होता, तरी हसले. मला कोबा जमणार नाही ह्याची त्यांना खात्री होती. आणि खरं सांगू, मलाही होती. पण त्या कॉलेजात परत जाण्यापेक्षा मी त्या सिमेंटात स्वतःला पुरून घेतलं असतं.

आता मागची खोली म्हणजे ही. तू बसलायस ती. ही माझ्या आजोबांची, हवालदार ज्ञानू आबांची खोली.

आबा पेन्शनीवर आले तेव्हा पलटण सोबत घेऊन आले. दारातल्या चपला त्यांना रांगेत लागायच्या. आई धुणं वाळत घालायची ते उंचीप्रमाणं, लुगडं उजवीकडं, माझी चड्डी डावीकडं. "लंबा दाहिने, छोटा बाएँ!" शेळ्यासुद्धा तशाच बांधायच्या. भाकरी जरा लांबुळकी झाली तर ताट सरकवून द्यायचे. बोलायचे कमी. काठी जमिनीवर दोनदा आपटायचे, टक, टक. त्याचा अर्थ 'बाजूला हो, मी करतो.' घरातलं कुठलंच काम त्यांनी कुणाला पुरं करू दिलं नाही.

लहानपणी दिवाळीत मी किल्ला केला होता. तटबंदी वाकडी होती, पण माझी होती. सकाळी उठून बघतो तर म्हाताऱ्यानं सगळा पाडून नवा बांधलेला. बुरूज सरळ, पायऱ्या सारख्या, मावळे उंचीप्रमाणं. पहिलं बक्षीस मिळालं मला. मी ते विहिरीत टाकलं.

आबा ह्याच खोलीत गेले. तेव्हा खाली शेणानं सारवलेली जमीन होती. तुला माहीत आहे आपल्याकडची रीत. माणूस गेला की त्या जागी पीठ पसरायचं, दिवा लावायचा, वर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घालायचं. सकाळी उचलून बघायचं, पिठात पाऊल कुणाचं उमटलंय. चिमणीचं असेल तर चिमणीच्या जन्माला गेला, गाईचं असेल तर गाईच्या. बघायचं काम आमच्या भावकीतल्या बनुबाईचं. तिला समोरचा माणूस ओळखू येत नाही, पण पिठातलं पाऊल दिसतं. आजवर तिनं गावातली निम्मी म्हातारी माणसं गाईच्या जन्माला घातलीत. ज्यांच्याशी बांधावरनं भांडण होतं, त्यांना घूस.

आबांचं डालगं उचललं तेव्हा मी तिथं होतो. पाऊल नव्हतं. कुणाचंच. पण पीठ आदल्या संध्याकाळी पसरलं होतं तसंही नव्हतं. कडक इस्त्रीच्या चादरीसारखं सपाट. आणि कडा चारी बाजूंनी ताणून मारलेल्या.

डालगं गोल होतं, गड्या. पीठ चौकोनी होतं.

बनुबाई कितीतरी वेळ वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "आवं... ह्ये कुटंच गेल्यालं दिसत न्हाईत."

अण्णा घाईघाईनं म्हणाले, "म्हंजे मोक्ष मिळाला."

मी म्हणालो, "इन्स्पेक्शन चालू असंल अजून." थोबाडीत बसली. प्रेत घरातनं निघून एक दिवस झालेला, आणि घरातला पहिला आवाज तो.

तेव्हापासून ही खोली बंद. अण्णा म्हणायचे, सामान न्हाई ठेवायला. तिकडं सोप्यात बेदाण्याच्या रिकाम्या पेट्यांनी पाय ठेवायला जागा नव्हती.

गेल्या मेमध्ये मी तासगावहून सिमेंट आणलं. खडी आणि वाळू ट्रॅक्टरनं आली. हत्यारं मागायला सिद्धू गवंड्याकडं गेलो. त्यानं थापी दिली, कोबा घोटायचा लाकडी रंधा दिला, लेव्हल बघायची पाण्याची नळी दिली. म्हटलं, "सिद्धूदादा, हात नको लावूस, नुसता दारात हुबा ऱ्हा. चुकलो तर सांग."

"त्या खोलीच्या दारात? न्हाई बाबा. तुज्या आबानं माज्याकडनं न्हाणीचं एक भित्ताड तीनदा पाडून घेतलं. दोरा धरून बगायचा, आन् टक टक."

"आबा मेले की रं."

"व्हय, मयतीला व्हतो मी," सिद्धू म्हणाला. "पर मेलं म्हून नजर कमी व्हती का?"

कोबा घालायचा त्या दिवशी सकाळपासून दारात बाज टाकून अण्णा बसले. शेजारी बनुबाई, मिश्री लावत. पाणी घातलं की अण्णा म्हणायचे जास्त झालं, थांबलो की म्हणायचे कोरडं ऱ्हायलं. बनुबाई म्हणाली, "माज्या सासऱ्यानं कोबा केला त्यात अंडी घातलीवती." मी विचारलं, "कुठाय तो कोबा?" तर म्हणे, "उकडला." दोघांच्या आयुष्यात मिळून एक पायरी बांधलेली नाही, पण सल्ला असा की धरणं बांधून आलेत.

मी पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात केली, मागं मागं सरकत दारापर्यंत आलो, शेवटचा पट्टा उंबऱ्यावर बसून लावला. उभा राहून बघितलं. म्हैस लोळून गेल्यावर डबकं दिसतं ना, तसं दिसत होतं. मधे टेंगूळ, कडेला खळगा, आणि ढाळ मोरीकडं द्यायचा तो थेट आमच्या देव्हाऱ्याकडं. रंधा फिरवावा तर हात पुरत नाही, आत पाय टाकावा तर घोट्यापर्यंत रुततो. आणि ऊन असं की माल डोळ्यांदेखत आळायला लागलेला.

अण्णा उठले. धोतर झटकलं. म्हणाले, "सांगलीची एश्टी सकाळी असती, इंजिनिअर." आणि जेवायला गेले.

मी खोलीचं दार ओढून घेतलं, कडी घातली आणि बाहेर कट्ट्यावर बसलो. रडलो नाही. थापी फेकली तेवढी.

लोकांना वाटतं भूतं रात्री हिंडतात. आपल्याकडं रात्री कशी हिंडतील? रात्री शेतीची लाइट येते, निम्मं गाव मोटारी चालू करायला शिवारात असतं, बॅटऱ्या, शिव्या, बिड्या, सगळी जत्रा. आपल्याकडं खरी निर्जन वेळ दुपारची. मे महिना, ऊन डोक्यावर, कुत्रं गटारात, माणसं जेवून आडवी. कावळासुद्धा ओरडत नाही. पत्रा तापून मधेच कडाड करतो, तेवढाच आवाज.

तेव्हा ते सुरू झालं.

खर्र... खर्र... खर्र...

बंद दाराच्या आतून. सावकाश, एका लयीत. लाकडी रंधा ओल्या सिमेंटवर गोल गोल फिरतो, तो आवाज. मी कट्ट्यावर शेजारी बघितलं. रंधा माझ्याजवळ होता.

आधी मला रागच आला. म्हटलं, अण्णाच घुसलेत, बिघडवायला. ह्याला अजून काय बिघडवायचं राहिलंय? उठून कडीला हात घातला. आणि वास आला. तंबाखूचा, आणि त्याच्यामागून पितळ घासायच्या पॉलिशचा. आबा रोज सकाळी पट्ट्याचं बक्कल घासायचे. पेन्शनीत. धोतरावर पट्टा बांधून.

"अण्णा...?"

आवाज थांबला. सोप्यातून अण्णांचं घोरणं ऐकू आलं, स्पष्ट.

"कोण हाय... आत?"

कोणीतरी खाकरलं. गड्या, ते खाकरणं मी दहा गावांच्या यात्रेत ओळखलं असतं. ह्या खाकरण्यावर आई चुलीपासून उठायची, मी पुस्तक सरळ धरायचो.

तरी म्हणालो, हळू... "आबा... माझं मी करतो की..."

टक. टक.

मी बाजूला झालो. का झालो, विचारू नको. जन्मभराची सवय. हातपाय डोक्याला न विचारता हलले.

खर्र... खर्र... आता जरा जोरात.

चहाच्या वेळेला अण्णा उठून आले. माझ्या तोंडाकडं बघितलं, त्यांना वाटलं नापास झाल्याचं दुःख. "सरक," म्हणाले आणि कडी काढली.

आतली जमीन आरशासारखी होती. झरोक्यातनं उन्हाची तिरीप पडलेली, ती तिथनं उठून समोरच्या भिंतीवर हलत होती. टेंगूळ नाही, खळगा नाही. वर दोरी मारून चौकटी पाडलेल्या, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एकसारख्या. आणि आत पाऊल नाही. मला सांग, आत जाणारा बाहेर आला कुठनं? दार एकच, कडी बाहेरनं. झरोक्यातनं मांजर निघत नाही.

अण्णांनी उंबऱ्यावर बसून कडेला बोट दाबून बघितलं. दगड. ऐन उन्हाळ्यात झाला तरी कोबा एका दुपारीत असा होत नाही. मग तांब्याभर पाणी ओतलं. पाणी इकडंतिकडं न बघता मोरीकडं गेलं, शिपायासारखं.

"मी न्हाई केलं," मी म्हणालो.

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. डोळ्यांत पाणी. बापाच्या डोळ्यांत पाणी बघायची वेळ, आणि ती अशी.

"न्हाई, खरंच मी न्हाई केलं. माजं सगळं वाकडं झालं व्हतं, तुमी बगितलं की!"

"बगा," अण्णा बनुबाईला म्हणाले, "एवडं काम करून मीपना न्हाई. कालेजनं जे झालं न्हाई ते कोब्यानं केलं पोराचं."

"अण्णा, आबांनी केलं."

"आन् वाडवडलांचं नाव घेतो!" ते रडायलाच लागले.

असं असतं बघ. खोटं बोललो तेव्हा पकडलं, खरं बोललो तेव्हा संत केलं. म्हाताऱ्या माणसांना खरं ऐकू येत नाही, कान चांगले असले तरी.

बनुबाईचं लक्ष मात्र दुसरीकडंच. ती गुडघे टेकून, नाक जमिनीला लावून कोपरा अन् कोपरा हुंगत होती. पाऊल शोधत होती. शेवटी उठली, म्हणाली, "हितं बी न्हाई," आणि मिश्रीचा डबा तिथंच विसरून गेली.

आणि आई आली. आई चहाचे कप घेऊन आली, दारात थांबली. आबा गेल्यापासून तिनं घरात डोक्यावर पदर घेणं सोडलं होतं. तिनं आत एकदा बघितलं. कपांचं ताट एका हातात घेतलं. दुसऱ्या हातानं पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घालून उभी राहिली. मी विचारलं, "आई, का गं?"

"काय का?" ती म्हणाली. तिला कळलंच नव्हतं पदर घेतलेला.

गिरण आली. मी जिंकलो म्हणायचं. पण मला सांग, काय जिंकलो? माझा कोबा वाकडा होता, पण माझा होता. मेल्यावरसुद्धा म्हाताऱ्यानं मला एक काम धड बिघडवू दिलं नाही. मी रात्रंदिवस जळत होतो. मशीन बसवताना बोल्टसाठी कोबा फोडावा लागला. तो खड्डा मी भरला. हा इथं, मोटारीजवळ, दिवा धर जरा. दिसतो? ओबडधोबड. मुद्दाम थापी उलटी फिरवली. आणि भर दुपारी, कुणी नाही बघून, खोलीत उभा राहून ओरडलो, "एवढा तुकडा माजा हाय! ह्याला हात लावलात तर गिरण इकीन आन् हितं कोंबड्या पाळीन. पांढऱ्या. मोकळ्या!"

पाठीमागं कुणीतरी श्वास घेतला. सोडला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर तुकडा तसाच. वाकडा. आजपर्यंत तसाच आहे. थापी तेवढी धुऊन, पुसून, त्याच्या शेजारी ठेवलेली. भिंतीला बरोबर समांतर.

म्हटलं, झाला समझोता. त्यांचं त्यांचं, माझं माझं. दिवसभराचं पीठ जमिनीवर बसतं, सकाळी येऊन बघतो तर चादर मारलेली असते. दळणाचे डबे रांगेत, उंचीप्रमाणं. बायांना वाटतं पोरगं टापटिपीचं आहे. आई आत आली की पदर घेते. त्रास असा काही नाही.

पण मग बनुबाईनं हट्ट धरला. तिच्या सोप्याला कोबा पाहिजे, आणि तो माझ्याच हातचा. मी म्हटलं, जमणार नाही मला. तर सगळी भावकी आली समजवायला, पोरगं लय नम्र म्हणून. गेलो. स्वतःच्या हातानं केला, मनासारखा बिघडवला, आणि दार ओढून घरी आलो. वाटलं, घर दुसरं, आबा कशाला येतायत?

चार दिवसांनी, दुपार टळल्यावर बनुबाई काठी टेकत आमच्या दारात. डोक्यावरनं पदर, पार नाकापर्यंत.

"मेल्या," ती म्हणाली, अगदी हळू, जणू कुणी ऐकेल म्हणून, "तुजा आबा माज्या घरात आणून सोडलास व्हय रं...?"

"का? काय झालं?"

"वयानं ल्हान व्हता, पर नात्यानं चुलतसासरा लागतो माजा! आता ह्या वयात मला घरात पाय पसरून बसता येईना. मिश्री लावाय बसलं की खाकारतो. बरण्या सगळ्या एका लाइनीत. भाकरी वाकडी झाली की ताट सरकतंय..." ती रडकुंडीला आलेली. "ने बाबा त्येला परत."

कसा नेणार? मी काय मामलेदार आहे? ती अजून तशीच राहते. सोप्यात ताठ बसते, पदर घेऊन. गाव म्हणतं, म्हातारपणी बनुबाईला वळण लागलं.

आता कळलं का तुझ्या बाथरूमला मी नाही का म्हणतोय? कोबा झकास होईल. पाणी सरळ मोरीत जाईल. पण पुढं? तू साबण लावून डोळे मिटून उभा असशील, आणि मागं कुणीतरी खाकरेल. तांब्या वाकडा ठेवलास म्हणून. लग्न ठरलंय तुझं, असं ऐकलं. बायकोला काय सांगशील?

हसू नको. खरंच हसू नको, त्यांना आवडत नाही.

थांब.

ऐकलंस? नाही, उंदीर नाही. उंदीर एका लयीत कुरतडत नाही. तू आल्यापासून चालू आहे तो आवाज, मी मुद्दाम मोठ्यानं बोलत होतो.

तुझा डबा कुठाय? भिंतीला लाव म्हटलं होतं, तू दारात टेकवलास, मी बघितलं. आता बघ. रांगेत. त्या उंच डब्याच्या डावीकडं, बुटक्याच्या उजवीकडं.

उठू नको. दिवा जरा खाली धर, जमिनीलगत. तू दारापासून ह्या पोत्यापर्यंत चालत आलास, चपलांसकट, एवढ्या पिठातनं. दाखव मला एक तरी ठसा. नाही ना? दारापासून सपाट आहे सगळं. तुझ्या टाचेपर्यंत आलंय.

तुझ्या पायाखालचे दोन तेवढे राहिलेत.

टक. टक.

पाय उचल, वीरधवल... दोन्ही.